बोळे कोणाच्या कानात?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस एक भांडण रंगलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये एका कॉलेजच्या मुलाला विचारलं, "काय रे, परीक्षा कधी?" मुलाच्या कानात पांढरे इयरबड होते. उत्तर आलं नाही. काकांनी ग्रुपवर लिहिलं, की या पिढीने कानात बोळे घालून घेतलेत, माणसामाणसातला संवाद संपला. झालं, दोन्ही बाजूंनी तोफा सुटल्या. एका गटाने मोबाइलमुळे बिघडलेल्या मुलांची यादी दिली. दुसऱ्या गटाने उत्तर दिलं, की सकाळी सहा वाजता बागेत मोबाइलच्या स्पीकरवर सुविचार ऐकवणाऱ्यांनी आम्हाला सभ्यता शिकवू नये. त्याच आठवड्यात कोणीतरी आणखी एक संदेश टाकला होता: शेजारच्या पुनर्विकासाच्या जागेवर रात्री साडेअकरापर्यंत काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालतोय, काही करता येईल का? त्या संदेशाला तीन अंगठे मिळाले आणि तो वर सरकून दिसेनासा झाला.

माझी तक्रार आहे ती या भांडणाच्या विषयाबद्दल. इयरबड घालणं उद्धटपणा आहे की समजूतदारपणा, यावर कितीही वाद घाला, तो सभ्यतेचाच वाद राहणार आणि दोन पिढ्या एकमेकींना टोमणे मारत बसणार. प्रश्न सभ्यतेचा नाहीच. कायद्याने जी शांतता या शहरातल्या प्रत्येकाला फुकट मिळायला हवी, ती आता दुकानात डबीत भरून विकत मिळते. आणि ज्याने ती विकत घेतली, तो ती फुकट मागायचं सोडून देतो. इयरबडवर टीका करायचीच असेल तर ती या मुद्द्यावर करावी. बाकीचे बहुतेक आरोप मला तपासल्यावर टिकताना दिसत नाहीत.

आधी हे यंत्र, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारा 'नॉइज कॅन्सलिंग' इयरबड किंवा हेडफोन, करतं काय ते बघू, कारण भांडणारे दोन्ही गट त्याबद्दल गैरसमजात आहेत. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला 1936 मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं: बाहेरच्या ध्वनिलहरीच्या बरोबर उलटी लहर तयार करायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. ती कानावर बसवण्याचं काम बऱ्याच अंशी अमर बोस यांनी केलं. बंगालमधल्या क्रांतिकार्यामुळे देश सोडून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचा हा मुलगा, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात प्राध्यापक. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला येताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतलं. पहिले हेडसेट बाजारात आले ते 1989 मध्ये, वैमानिकांसाठी. मी असले हेडफोन पहिल्यांदा घातले तेव्हा दचकून वर पाहिलं होतं. पंखा बंद पडला असं वाटलं. पंखा फिरत होता, फक्त त्याचा आवाज गेला होता. पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती स्पष्ट ऐकू आली. यंत्राची खोड हीच आहे. एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर ते छान गिळतं: विमानाचं इंजिन, एसी, लोकलच्या मोटरची गुणगुण. अचानक येणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे हॉर्न, शिट्टी, माणसाचं बोलणं, त्याच्या हातून बरेचसे निसटतात. थोडक्यात, काकांना वाटतं तसं ते माणसाचा आवाज मारायला बनलेलं नाही, आणि मुलांना वाटतं तसं ते शहराचा सगळा गोंगाटही मारू शकत नाही. मिरवणुकीतल्या डीजेचा ठोका कानातून येतच नाही, तो छातीतून आणि खिडकीच्या काचेतून येतो. त्याची उलटी लहर कुठे सोडणार?

आता काकांच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. सामायिक आवाजाने माणसं जोडली जातात हे खरं आहे. चाळीत एकाच्या घरी रेडिओ लागला की चार घरं ऐकायची. बातम्यांची वेळ झाली की सगळ्या गॅलरीतून तोच आवाज यायचा आणि घड्याळं लावली जायची. लोकलच्या ठरलेल्या डब्यात टाळ वाजवत भजन करणारी मंडळी होती, अजून आहेत, आणि त्या डब्याने कितीतरी एकट्या माणसांना गोत मिळवून दिलं आहे. हे गेलं तर काहीतरी जातं, हे मी मान्य करतो. पण या आठवणीत एक लबाडी आहे. ज्याला ते भजन नको होतं, ज्याला रात्रपाळीहून येऊन झोपायचं होतं, त्याला कोणी विचारलं होतं का? आणि इयरबडच्या आधी लोकलमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी गप्पा मारत होती, हे तरी कुठे खरं आहे? मला आठवतो तो उभी घडी घालून नाकाशी धरलेला पेपर. त्याच्या मागे डोंबिवली ते व्हीटी अख्खा माणूस गायब व्हायचा. त्याला कोणी पिढी बिघडली म्हणत नव्हतं.

दर वेळी हेच होत आलं आहे. चातुर्मासात पोथी मोठ्याने वाचायची आणि घराने, शेजाराने ऐकायची, हा वाचनाचा जुना रिवाज. छापील पुस्तक हातात आल्यावर माणसं कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचू लागली, त्यातही बायका वाचू लागल्या, तेव्हा त्या एकट्या वाचनाविषयी हीच काळजी व्यक्त झाली होती. सोनीने 1979 च्या जुलैत वॉकमन आणला, तेव्हा कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनाच धास्ती होती, की एकट्याने ऐकत बसणं लोकांना उर्मटपणाचं वाटेल. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजाऱ्याचं बोलणं मायक्रोफोनमधून ऐकू यायचं. ते बटण लोकांना फारसं लागलं नाही, पुढच्या मॉडेलांतून गेलं. गंमत म्हणजे चाळीस वर्षांनी तेच बटण परत आलंय. आजच्या इयरबडला बोटाने स्पर्श केला की बाहेरचा आवाज आत येतो. तेव्हा लिफ्टमधल्या त्या मुलाने उत्तर दिलं नाही, याचा दोष यंत्राकडे जात नाही. त्याला परीक्षेबद्दल बोलायचं नव्हतं. त्याच्या वयात मलाही नसे, फक्त माझ्याकडे तसं दाखवण्याचं साधन नव्हतं.

साधन नसणं म्हणजे काय, हे ज्यांना आयुष्यभर स्वतःची खोली मिळाली त्यांना कळणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, शिवणाचं मशीन चालू, आणि त्यात बारावीचा अभ्यास. हजार-बाराशे रुपयांचे इयरबड ही त्या घरातली दुसरी खोली आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं महिना भाडं भरून जी गोष्ट घेतात, ती टेबल-खुर्ची नसते, शांतता असते. तरी त्यातली निम्मी कानात काहीतरी घालून बसलेली दिसतात. बसमध्ये एकट्या प्रवास करणाऱ्या कितीतरी मुली गाणं न लावताच इयरबड घालतात, म्हणजे शेरेबाजी 'ऐकू आली नाही' असं दाखवता येतं. आवाजाने खरोखर त्रास होणारी मुलं आहेत, स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलं आहेत, ज्यांच्यासाठी कानावरचं हे आच्छादन म्हणजे घराबाहेर पडता येण्याची अट आहे. या सगळ्यांना 'संवाद संपला' हे ऐकवण्याचा अधिकार कोणाला आहे?

दुसरा आक्षेप जिवाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. 26 एप्रिल 2018 ला उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची गाडी रेल्वे फाटकावर आगगाडीखाली सापडली आणि 13 मुलं गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते असं त्याच दिवशी सांगितलं गेलं आणि देशभर चर्चा झाली ती इयरफोनची. कानात काही घालून रूळ ओलांडणं, गाडी चालवणं हा मूर्खपणा आहे, यात मला दुमत नाही. नॉइज कॅन्सलिंगवाल्याने तर मुळीच करू नये. पण ते फाटक बिनपहाऱ्याचं होतं. पुढच्या अपघातांचा धोका कमी केला तो कानांविषयीच्या उपदेशाने नव्हे. रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटकं एकेक करून संपवली आणि 2019 च्या सुरुवातीपर्यंत ते काम तडीस नेलं. म्हणजे करण्यासारखं काम रुळावर होतं. मुंबईतही माणूस रूळ का ओलांडतो, याचं उत्तर पादचारी पूल कुठे आहे आणि किती लांब आहे यात जास्त सापडतं, कानात कमी.

तिसरा आक्षेप कान बिघडण्याचा. तो खरा आहे, त्यामुळे लवकर संपतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलला मात्र फक्त 4. पण माणूस आवाज वाढवतो कशासाठी? बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी. गर्दीच्या लोकलमध्ये साध्या इयरफोनवर गाणं ऐकायचं तर आवाज शेवटच्या टोकाला न्यावा लागतो. कानाच्या डॉक्टरांची भीती योग्यच आहे, फक्त तिचं मूळ फोनच्या आधी रस्त्यावर आहे.

इथवर मी मुलांच्या बाजूचा वकील वाटलो असेन. आता त्यांच्याकडे वळतो, कारण त्यांच्या युक्तिवादात जे भोक आहे ते काकांच्या युक्तिवादापेक्षा मोठं आहे. ते म्हणतात: गोंगाट आहे ना, मग हेडफोन घ्या, विषय संपला. विषय खरंच संपतो का? महाराष्ट्रात पंधरा-वीस वर्षांपूर्वी भारनियमन होतं तेव्हाचं आठवा. आधी वीज गेली की सगळी गल्ली वीज मंडळाच्या ऑफिसवर जायची. मग ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतले. गल्लीत फोन असलेला, ओळखी असलेला, अर्जात व्याकरण नीट लिहिणारा माणूस नेमका तोच होता, आणि आता त्याच्या घरी पंखा फिरत होता. मोर्च्यात उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नाही ते. पाण्याचंही तसंच. स्टेशनावर नळ होता, बाजारात पाणपोई होती. बाटली आली आणि पाणपोई कोरडी पडली तरी ओरडणारा माणूस बाटली घेऊन पुढे गेला होता. सार्वजनिक गोष्ट मोडते ती बहुधा अशीच, कोणी तोडून नव्हे. बोलू शकणारे निघून जातात.

हे मी स्वतःवरून सांगतोय. हेडफोन घेण्याआधी मी त्या ब्रेकरबद्दल तीन वेळा 112 ला फोन केला होता. एकदा पोलीस आले, काम वीस मिनिटं थांबलं, पुन्हा सुरू झालं. एकदा साइटवरच्या सुपरवायझरशी वादही घातला. मग दिवाळीच्या सवलतीत हेडफोन घेतले. त्यानंतर चार महिने मी एकही फोन केला नाही. ब्रेकर चालूच होता. मी तो ऐकायचा थांबलो होतो, आणि मला काही वावगं वाटलं नव्हतं. उलट मी मित्रांना हेडफोनची शिफारस करत होतो.

आपले कान झाकायचे की गोंगाट थांबवायचा, इतिहासात या दोन वाटांचे दोन नमुने आहेत. थॉमस कार्लाइल हा लंडनचा मोठा लेखक शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी आणि पियानोंनी हैराण झाला होता. 1853 मध्ये त्याने घराच्या माथ्यावर खास आवाज न येणारी खोली बांधायला घेतली, दुहेरी भिंतींची, खिडकी नसलेली, वरून उजेड येणारी. खर्च भरपूर झाला आणि खोली फसली. शेजारचे आवाज कमी झाले तर लांबचे ऐकू येऊ लागले. दुसरा नमुना न्यूयॉर्कच्या ज्युलिया राइस यांचा. वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या या बाई हडसन नदीकाठी राहत. नदीतल्या टगबोटी, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी, रात्रभर उगाचच शिट्ट्या मारत. राइसबाईंकडे पैसा कार्लाइलपेक्षा कमी नव्हता, भिंती जाड करणं त्यांना सहज परवडलं असतं. त्यांनी कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी नेमून रात्रभरच्या शिट्ट्या मोजून घेतल्या. इस्पितळातल्या रुग्णांना काय होतं त्याच्या नोंदी गोळा केल्या. 1906 मध्ये अनावश्यक गोंगाटाविरुद्ध संस्था काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बोटींच्या अशा शिट्ट्यांवर बंधन आणलं, आणि न्यूयॉर्कमध्ये इस्पितळांभोवती शांतता क्षेत्रं झाली. आपल्याकडे इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र असतं, त्याच्या पूर्वजांत ती टगबोट आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शांततेची मागणी पुष्कळदा वरच्यांनी खालच्यांविरुद्ध केलेली आहे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणाऱ्यांविरुद्ध मोहीम चालवली, आणि त्यात गरीब वादकांविषयीचा तुच्छभाव लपत नव्हता. आपल्याकडेही सोसायटीला त्रास होतो तो बोंबीलवालीच्या हाळीचा आणि भंगारवाल्याच्या ओरडण्याचा; बिल्डरच्या ब्रेकरबद्दल बोलताना जीभ जड होते, कारण उद्या आपलीही इमारत पुनर्विकासाला जायची असते. म्हणून आकड्यांवर बोललेलं बरं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. शांतता क्षेत्रात 50 आणि 40. या आकड्यांना बोंबीलवाली आणि बिल्डर सारखेच. डेसिबलचं गणित सरळ नसतं, 10 ने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, तेव्हा 55 च्या जागी 85 म्हणजे 'थोडं जास्त' नव्हे, हजारपट.

"सण वर्षातून एकदाच येतो," हे उत्तर ठरलेलं आहे. मलाही ढोल आवडतो, अंगावर काटा येतो. पण नियमाने सणांची सोय आधीच केली आहे. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस ध्वनिवर्धकाची वेळ दहाऐवजी बारापर्यंत वाढवता येते. सवलत घड्याळाला आहे, डेसिबलला नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबलपर्यंत, यातलं जे कमी असेल तितकाच असावा, हे त्याच नियमात लिहिलं आहे. 18 जुलै 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर मुळालाच हात घातला: बोलण्याचा हक्क आहे तसा न ऐकण्याचाही आहे, आणि आपला आवाज दुसऱ्याच्या कानात घुसवण्याचा हक्क कोणालाच नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. गोंगाटाविरुद्ध लढणाऱ्या सुमैरा अब्दुलअली वर्षानुवर्षं हातात मीटर घेऊन मिरवणुकांचे आणि फटाक्यांचे आकडे मोजत आल्या आहेत. म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत, मोजणारी माणसंही आहेत. मग उरलं काय? पोलीस ठाण्याला फोन करणारा माणूस. आणि तो हेडफोन घालून बसला आहे.

यंत्रणेलाही हा माणूस गप्प बसलेला सोयीचाच. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही वर्षांपूर्वी एक झकास प्रयोग केला होता. काही चौकांत सिग्नलला डेसिबल मीटर जोडलं. हॉर्नचा आवाज 85 च्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. 2020 च्या जानेवारीअखेर त्याचा व्हिडिओ आला आणि जगभर फिरला. शिक्षा गोंगाट करणाऱ्याला, यंत्र गोंगाटाच्या जागी, खर्च सरकारचा. सगळं जिथल्या तिथे होतं. तो प्रत्येक चौकात रुजला नाही. त्यानंतरचं एप्रिल 2023 मधलं बेस्टचं फर्मान बघा: बसमध्ये मोबाइलवर मोठ्याने काही लावू नका, ऐकायचं तर हेडफोन लावा. फर्मान योग्यच आहे, मी त्याचा लाभार्थी आहे. इथे हेडफोन आवाज करणाऱ्याने घालायचा आहे. आपण मात्र बाकी सगळीकडे तो ऐकणाऱ्याच्या डोक्यावर चढवला आहे, त्याच्याच पैशाने.

आणि ज्याच्याकडे पैसा नाही किंवा ज्याचं कामच ऐकण्याचं आहे, त्याने काय करावं? आमच्या वॉचमनची केबिन त्या ब्रेकरपासून पंधरा फुटांवर आहे. गेटवर हॉर्न वाजला की त्याला उठायचं असतं, म्हणजे चांगले हेडफोन कोणी भेट दिले तरी ते घालता येणार नाहीत. तळमजल्यावरच्या आजोबांना श्रवणयंत्र आहे. ते यंत्र नातवाचं बोलणं मोठं करतं तसा ब्रेकरही मोठा करतं, म्हणून काम सुरू झालं की ते यंत्र काढून डबीत ठेवतात आणि मग घरातलं कोणाचंच काही ऐकू येत नाही. संवाद संपल्याची चर्चा ग्रुपवर चालू होती तेव्हा तो खराखुरा तळमजल्यावर, रोज रात्री साडेअकरापर्यंत, संपत होता.

गेल्या आठवड्यात महापालिका आणि पोलीस ठाणे, दोघांच्या नावाने अर्ज लिहिला. मोबाइलवरच्या मीटरने घेतलेले आठ रात्रींचे आकडे, तारीख-वेळेसह, सोबत जोडले. ते पुरावा म्हणून धरणार नाहीत हे माहीत आहे, पण मग तुमचं मीटर आणा असं म्हणता येतं. हेडफोन काढून आकडे घ्यावे लागले, त्या आठ रात्री झोप नीट झाली नाही. 84 फ्लॅटपैकी आतापर्यंत 19 सह्या आल्या आहेत. काकांची आहे. त्या मुलाचीही आहे; कानातला एक इयरबड काढून त्याने अर्ज पूर्ण वाचला आणि 'रात्री दहा' या शब्दांखाली रेघ मारायला सांगितली. लिफ्टमध्ये दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, ते त्यांचं ते बघतील. मला सध्या बाकीच्या 65 सह्या हव्या आहेत.